माइनक्राफ्टमधल्या कॉम्प्युटरवर डेस्कटॉप उभा करताना

माइनक्राफ्टमध्ये सीसी ट्वीक्ड हा मॉड, म्हणजे खेळात नव्या गोष्टी घालणारी जोड, टाकला की खेळातल्याच सोन्या-दगडातून खरोखर चालणारा कॉम्प्युटर बनवता येतो. तो सुरू केला की काळा पडदा दिसतो, वर पिवळ्या अक्षरांत 'क्राफ्टओएस' आणि खाली लुकलुकणारा कर्सर. पुढचं सगळं टाइप करून. आमच्या गटात जळगाव, धुळे आणि शहाद्याची पोरं एकाच जगात खेळतात. त्यांना विंडो, आयकॉन, घड्याळ असलेला, टिचकी मारून चालणारा डेस्कटॉप हवा होता. एप्रिलमध्ये काम हाती घेतलं, जुलैत ते सर्व्हरवर बसलं. ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने इथे मांडतो आहोत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डेस्कटॉप हे मुळात चित्रकाम नाही. आलेली टिचकी कोणाला द्यायची आणि पडद्यावर लिहिण्याचा हक्क कोणाचा, या दोन प्रश्नांचा बंदोबस्त म्हणजे डेस्कटॉप. रंगीत टायटल बार काढून सुरुवात केली तर तिसऱ्या विंडोला सगळं कोसळतं. आधी घटनांचं वाटप, मग पडद्याची जुळणी आणि सजावट सगळ्यात शेवटी, असाच क्रम धरा.

तयारी आणि खर्च

मूळ कॉम्प्युटरक्राफ्ट हा मॉड डॅन रॅटक्लिफ यांनी २०११मध्ये काढला. २०१७मध्ये त्याचा कोड खुला झाला आणि त्यावरून पुढे स्क्विडडेव्ह यांनी सीसी ट्वीक्ड चालवला. आज वापरायचा तो हाच. मॉड फुकट आहे, मॉड्रिंथ या संकेतस्थळावर मिळतो. पैसे लागतात ते फक्त खेळाला, आणि खेळ जावा एडिशनच हवा. खानदेशात बहुतेक पोरं फोनवर बेडरॉक एडिशन खेळतात, त्यावर हा मॉड चालत नाही. एखाद्याच्या घरी खर्चाची गोष्ट काढण्याआधी एवढं स्पष्ट सांगून टाका. खेळासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. खातं लहान मुलाच्या वयाचं असेल तर सर्व्हरवर खेळायला पालकांच्या खात्यातून परवानगी द्यावी लागते. हे काम सुट्टी लागायच्या आधीच उरकून घ्या, कारण आईवडिलांना पासवर्ड आठवेपर्यंत मुलांचा जीव टांगणीला लागतो.

आम्ही माइनक्राफ्ट १.२०.१ धरून चाललो. त्याला जावा १७ लागतं, पण खेळाचा लाँचर ते स्वतःच आणतो. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर खेळाला दोन जीबी द्या, दिसण्याचं अंतर सहा चंकवर (चंक म्हणजे जगाचा चौकोनी तुकडा) आणा, म्हणजे चालतं. तेवढंही झेपत नसेल तर क्राफ्टओएस-पीसी नावाचा फुकट एम्युलेटर आहे. त्यात खेळ नसतोच, फक्त आतला कॉम्प्युटर असतो. निम्म्याहून जास्त कोड आम्ही त्यावरच लिहिला. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, दुपारी लाईट जाते आणि लॅपटॉप बॅटरीवर येतो. माइनक्राफ्ट ती बॅटरी बघता बघता संपवतो, एम्युलेटरला ती बराच वेळ पुरते.

खेळात कॉम्प्युटर दोन प्रकारचे. सात दगड, एक रेडस्टोन आणि एक काचेची तावदानी पट्टी लावली की साधा कॉम्प्युटर होतो, पण त्याला रंगही नाहीत आणि माउसच्या घटनाही मिळत नाहीत. डेस्कटॉपसाठी तो निरुपयोगी. दगडांच्या जागी सोन्याच्या सात विटा लावल्या की अॅडव्हान्स्ड कॉम्प्युटर होतो, तोच बनवा. त्याचा पडदा ५१ अक्षरं रुंद आणि १९ ओळी उंच असतो, रंग १६. बनवल्याबरोबर लेबल सेट कमांडने त्याला नाव द्या. नाव दिलं की कॉम्प्युटर फोडून दुसरीकडे ठेवला तरी त्याचा क्रमांक आणि त्या क्रमांकाच्या फाईली हाताशी राहतात.

या फाईली जगाच्या फोल्डरमध्ये कॉम्प्युटरक्राफ्ट, मग कॉम्प्युटर, मग क्रमांक अशा वाटेवर असतात. आतल्या एडिट प्रोग्राममध्ये मोठा कोड लिहीत बसू नका. बाहेर नेहमीच्या एडिटरमध्ये लिहा, सेव्ह करा आणि खेळात येऊन कंट्रोल आर दाबून धरा, कॉम्प्युटर नव्याने सुरू होतो. लाईटच्या बाबतीत एक बारकावा आहे. कॉम्प्युटरच्या फाईली तिथल्या तिथे डिस्कवर जातात, पण जगातले ठोकळे ऑटोसेव्हच्या वेळीच लिहिले जातात. नवा कॉम्प्युटर ठेवला आणि लगेच लाईट गेली, तर फाईली राहतात पण ठोकळा गायब होतो. एकट्याच्या जगात एस्केपचा मेन्यू उघडला की जग सेव्ह होतं. ठोकळे लावल्यावर ती सवय लावून घ्या.

मे: एकच रांग, अनेक प्रोग्राम

कॉम्प्युटरला जे काही कळतं ते घटनांच्या रांगेतून: कळ दाबली, अक्षर आलं, माउसची टिचकी, माउस ओढला, टायमर वाजला. रांगेत २५६ घटना मावतात, त्यापुढच्या टाकून दिल्या जातात. डेस्कटॉपचा गाभा म्हणजे या रांगेवर बसलेला एकच लूप. या कॉम्प्युटरची भाषा लुआ. तिच्यात प्रत्येक अॅप एका को-रूटीनमध्ये, म्हणजे मध्येच थांबून पुन्हा तिथूनच पुढे चालणाऱ्या कामात, चालवायचं. अॅप घटनेची वाट बघायला थांबलं की ताबा लूपकडे येतो, लूप पुढची घटना घेतो आणि ज्याची त्याला देतो.

रांगेतली पुढची घटना घ्यायला दोन फंक्शनं आहेत. लूपमध्ये पुलइव्हेंट वापरू नका, पुलइव्हेंटरॉ वापरा. कंट्रोल टी दाबून धरल्यावर 'टर्मिनेट' घटना येते आणि पुलइव्हेंट तिथेच एरर फेकतो. म्हणजे एक अडकलेलं अॅप बंद करायला जावं तर अख्खा डेस्कटॉप झोपतो. पुलइव्हेंटरॉ ती घटना गुपचूप हातात देतो, मग ती फक्त समोरच्या विंडोला पाठवता येते.

वाटपाचे नियम आम्ही असे ठरवले. कळ, अक्षर आणि पेस्ट फक्त समोरच्या विंडोला. माउसची टिचकी ज्या विंडोवर पडली तिला, आणि त्यानंतरचं ओढणं व सोडणंही तिलाच, बोट तोवर दुसऱ्या विंडोवर गेलं असलं तरी. बाकी सगळं सगळ्यांना. टायमर तर सगळ्यांना द्यायलाच हवा. स्लीप हे फंक्शन आतून टायमर लावून त्याच्या घटनेची वाट बघत असतं. टायमर फक्त समोरच्या विंडोला दिला तर मागची विंडो झोपते ती उठतच नाही, आणि घड्याळ का थांबलं याचा शोध घेण्यात संध्याकाळ जाते. टायमरचे क्रमांक कॉम्प्युटरभर वेगवेगळे असतात, त्यामुळे घोटाळ्याची भीती नाही.

प्रत्येक अॅप थांबताना कोणत्या घटनेची वाट बघतो हेही सांगतं. को-रूटीन परत येताना ते नाव देतो, ते जपून ठेवा. पुढची घटना त्या नावाची असेल, किंवा नाव दिलंच नसेल, किंवा घटना टर्मिनेट असेल, तरच अॅपला जागं करा. हा नियम सुटला तर कळेची वाट बघणाऱ्या अॅपला टायमर मिळतो आणि ते काहीबाही करतं.

माउसचे आकडे पडद्याच्या कोपऱ्यापासून येतात, अॅपला मात्र ते स्वतःच्या विंडोच्या कोपऱ्यापासून हवे असतात. म्हणून विंडोचा एक्स वजा करून एक मिळवा. वायचंही तसंच, फक्त टायटल बारची म्हणून आणखी एक ओळ वजा. ओढताना टिचकी टायटल बारच्या कितव्या अक्षरावर पडली तो फरक आधी साठवा. नाहीतर विंडो ओढायला लागताच तिचा डावा कोपरा झटक्याने माउसखाली येतो.

आणखी एक त्रास सहसा कोणी लिहीत नाही. एखादं अक्षर शॉर्टकट म्हणून ठेवलं, समजा 'एन' दाबल्यावर नोंदवही उघडते, तर कळेच्या घटनेमागोमाग अक्षराची घटनाही येते. तोवर नोंदवही समोर आलेली असते आणि पहिल्या ओळीत आपोआप एन उमटतो. शॉर्टकटसाठी फंक्शन कळा वापरल्या की प्रश्न मिटतो.

क्राफ्टओएसचे तयार प्रोग्राम विंडोत चालवायला शेलचीच (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामची) फाईल ओएस डॉट रन ने चालवा, पुढे प्रोग्रामचं नाव द्या. मात्र तिला दिलेल्या वातावरणात चालू शेल घालायला विसरू नका. नाव न देता नुसता शेल उघडला आणि त्याला आपल्यावर दुसरा शेल दिसला नाही तर तो समजतो की कॉम्प्युटर आत्ताच सुरू झाला, आणि स्टार्टअप फाईल चालवतो. स्टार्टअपमध्ये तर आपला डेस्कटॉपच असतो. मग विंडोत डेस्कटॉप, त्या डेस्कटॉपच्या विंडोत पुन्हा डेस्कटॉप. अनेक शेल टॅबांत दाखवणाऱ्या मल्टिशेलचे टॅबही बंद करा, बायोस डॉट यूज मल्टिशेल ही सेटिंग फॉल्स केली की झालं.

पडद्याची जुळणी

सीसी ट्वीक्डमध्ये विंडो नावाची तयार सोय आहे. ती तुम्हाला पडद्याचा एक तुकडा देते आणि त्यावर काय लिहिलं ते लक्षात ठेवते. बहुतेकांची गाडी इथेच अडते. विंडो दिसती ठेवली तर ती थेट मूळ पडद्यावर लिहिते, मग ती खाली दबलेली असो वा वर. मागच्या विंडोतलं घड्याळ दर सेकंदाला पुढच्या विंडोच्या पोटातून वर येतं. प्रत्येक वेळी सगळ्या विंडो पुन्हा काढल्या तर पडदा लुकलुकतो.

उपाय असा: सगळ्या विंडो कायमच्या अदृश्य ठेवायच्या. त्या आपापल्या स्मरणात लिहीत राहतात. मग गेटलाइन या फंक्शनने प्रत्येक विंडोची ओळ वाचायची. ती तीन स्ट्रिंग देते, मजकूर, अक्षराचा रंग आणि पार्श्वभूमीचा रंग, रंग शून्य ते एफ अशा सोळा खुणांत. पडद्याच्या प्रत्येक ओळीसाठी वॉलपेपरच्या तीन स्ट्रिंगपासून सुरुवात करा आणि सगळ्यात मागच्या विंडोपासून पुढे येत एकेक तुकडा त्यात कापून बसवा. शेवटी जी ओळ तयार होते ती ब्लिटने, म्हणजे मजकूर आणि रंग एकदम लिहिणाऱ्या फंक्शनने, एका फटक्यात मूळ पडद्यावर. ब्लिटला तिन्ही स्ट्रिंग सारख्याच लांबीच्या लागतात, नाहीतर तो लगेच एरर देतो. हा एरर जवळजवळ नेहमी विंडो डावीकडे किंवा उजवीकडे पडद्याबाहेर गेल्यावर येतो. बसवण्याआधी तुकडा पडद्याच्या मापाने छाटला पाहिजे.

मागच्या वेळची प्रत्येक ओळ साठवून ठेवा आणि बदललेलीच ओळ ब्लिट करा. जुळणी प्रत्येक अॅपच्या लिहिण्यानंतर करू नका, एक घटना सगळ्यांना वाटून झाली की एकदाच करा. सर्वांत शेवटी समोरच्या विंडोचा कर्सर कुठे आहे ते विचारून मूळ पडद्याचा कर्सर तिथे ठेवा. ते राहिलं तर टाइप केलेलं दिसतं, पण कर्सर भलतीकडेच लुकलुकत असतो.

ज्या संध्याकाळी तीन विंडो एकमेकींवर सरकल्या, मागचं घड्याळ मागेच चालत राहिलं आणि पडदा स्थिर राहिला, ती आमच्यासाठी या सगळ्या कामातली सर्वांत आनंदाची वेळ होती. दिसायला डेस्कटॉप तेव्हा कुरूपच होता, पण आता तो कोसळणार नाही एवढी खात्री झाली.

लाईट गेली तरी टिकावं म्हणून

खेळाडू दूर गेला की तो चंक बंद पडतो आणि त्यातला कॉम्प्युटरही. परत आलं की तो पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून कोणत्या विंडो कुठे उघड्या होत्या हे फाईलमध्ये लिहिणं भागच आहे. टेबलचा मजकूर करून देणारं टेक्स्टयुटिल्सचं सीरियलाइज वापरा, पण त्याला विंडोची पूर्ण टेबल देऊ नका. तिच्यात फंक्शनं असतात आणि फंक्शन त्याला लिहिता येत नाही. नाव, जागा, माप आणि क्रम एवढंच वेगळ्या टेबलमध्ये काढून द्या. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, फाईल बंद करा, जुनी पुसा आणि मग नाव बदला. नाव बदलणारं फंक्शन आधीपासून असलेल्या फाईलवर लिहीत नाही, म्हणून पुसणं मध्ये येतं. सुरू होताना मुख्य फाईल नसेल आणि तात्पुरती असेल, तर तीच वाचा. नेमक्या त्या क्षणी लाईट गेलेली असते.

जून: मोठा पडदा आणि मराठी अक्षरं

पोरांना भिंतीएवढा पडदा हवा होता. अॅडव्हान्स्ड मॉनिटरला आठ सोन्याच्या विटा आणि एक काचेची पट्टी लागते, त्यातून चार मॉनिटर मिळतात. जास्तीत जास्त आठ रुंद आणि सहा उंच अशी जोडणी चालते, म्हणजे ४८ मॉनिटर, ९६ विटा. सगळ्यांनी वाटून सोनं खणलं तरी त्याला वेळ लागला. घाई असेल तर चार बाय तीनचा करा, २४ विटांत होतो आणि अक्षरांचं माप अर्ध्यावर आणलं की ७९ × ३८ अक्षरं मावतात. आठ बाय सहाच्या पडद्यावर तेच १६४ × ८१ होतं. पडदा एकाच चंकमध्ये बसवा. एफ तीन आणि जी एकत्र दाबलं की चंकच्या सीमा दिसतात. सीमेवर बसवलेला पडदा अर्धाच लोड होऊ शकतो.

मॉनिटरवर फक्त स्पर्शाची घटना मिळते, ओढणं नाही आणि सोडणं नाही. लूपमध्ये तिचं टिचकी आणि सोडणं अशा जोडीत रूपांतर केलं की अॅपना फरक कळत नाही. विंडो हलवण्यासाठी मात्र वेगळी रीत लागते: टायटल बारला स्पर्श केला की त्याचा रंग बदलतो, मग जिथे हवी तिथे दुसरा स्पर्श. कीबोर्ड मॉनिटरवर चालत नाही, तो कॉम्प्युटर उघडूनच.

मराठीचं काम सगळ्यात जिव्हाळ्याचं. कॉम्प्युटरच्या अक्षरसंचात २५६च चिन्हं आहेत आणि त्यात देवनागरी नाही. पण १२८ ते १५९ या क्रमांकांवर ठिपक्यांची चिन्हं आहेत, एका अक्षराच्या जागेत दोन आडवे आणि तीन उभे असे सहा ठिपके. अक्षराची जागा ६ × ९ पिक्सेलची असल्यामुळे प्रत्येक ठिपका ३ × ३चा, अगदी चौरस येतो. क्रमांक काढायची रीत: १२८मध्ये वरचा डावा ठिपका असेल तर १, वरचा उजवा २, मधला डावा ४, मधला उजवा ८, खालचा डावा १६ मिळवायचे. खालच्या उजव्याला आकडाच नाही. तो हवा असेल तर बाकीचे पाचही उलटे करायचे आणि अक्षराचा व पार्श्वभूमीचा रंग अदलाबदल करायचा. एका जागेत दोनच रंग मावतात, हे आयकॉन काढताना ध्यानात ठेवा.

शिरोरेषा, वरची मात्रा, खालचा उकार धरून वाचता येईल असा मराठी शब्द साधारण बारा ठिपके उंच होतो, म्हणजे चार ओळी. कॉम्प्युटरच्या १९ ओळींत हे परवडत नाही, तिथे मराठी फक्त स्वागताच्या 'राम राम' पुरतं ठेवलं. मोठ्या पडद्यावर मात्र २४३ ठिपके उभे मिळतात, वीस ओळी मराठी आरामात. अक्षरं वेगवेगळी ठेवून जोडत बसू नका, जोडाक्षरं आणि र्‍हस्व वेलांटीची जागा सांभाळताना दमछाक होते. अख्खा शब्द चित्र म्हणून काढा: 'नोंदवही', 'घड्याळ', 'बंद करा', 'पुसून टाका'. बाहेर काळ्या-पांढऱ्या चित्रात शब्द काढायचा आणि छोट्या स्क्रिप्टने ठिपक्यांत बदलायचा. मेन्यूपुरते शब्द मोजकेच असतात, जागा फारशी जात नाही.

रंग सोळाच, पण प्रत्येकाची छटा पॅलेटमधून बदलता येते. आम्ही पार्श्वभूमीला कापसाच्या काळ्या जमिनीचा रंग दिला, टायटल बारला भरिताच्या वांग्याचा फिका हिरवा आणि फोल्डरच्या आयकॉनला केळीचा घड. पॅलेट अख्ख्या पडद्याची एकच असते. म्हणून ती फक्त डेस्कटॉपने ठरवावी, अॅपला बदलू देऊ नये.

जुलै: सर्व्हरवर

सर्व्हर धुळ्याच्या ओळखीतल्या मंडळींचा. मॉड घालण्याची विनंती मे अखेरीस केली होती. त्यांनी लेखी विचारलं: मॉडचं नाव, नेमकी आवृत्ती, कॉम्प्युटर किती, इंटरनेट उघडं हवं का. होकार यायला जून सरला. तुमच्याकडेही ही माहिती आधीच एका पानावर तयार ठेवा. मॉडची तीच आवृत्ती प्रत्येक खेळाडूकडे लागते. एका कॉम्प्युटरच्या फाईलींना मूळ मर्यादा दहा लाख बाइटची आहे, फ्लॉपीला सव्वा लाख. मराठी शब्दचित्रांसह आमचं सगळं त्यात बसलं, म्हणून मर्यादा वाढवून मागितली नाही. एचटीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरची इंटरनेटची वाट, बंद ठेवायला आम्हीच सांगितलं, डेस्कटॉपला ते लागत नाही आणि चालवणाऱ्यांची एक काळजी कमी होते.

सर्व्हरवरचे सगळे कॉम्प्युटर सुरुवातीच्या सेटिंगमध्ये एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, आळीपाळीने चालतात. एखादं अॅप न थांबता फिरत राहिलं तर सगळ्यांचेच पडदे अडखळतात. सात सेकंद ताबा सोडला नाही तर 'टू लाँग विदाउट यील्डिंग' म्हणत तो प्रोग्राम मारला जातो. म्हणून मोठ्या पडद्याची जुळणी आम्ही सेकंदाला दहा वेळांपुरती बांधली, आणि यादी लावण्यासारख्या लांब कामात अधूनमधून एक रिकामी घटना रांगेत टाकून तिची वाट बघायला लावली. तेवढ्यात बाकीच्यांना वेळ मिळतो.

विंडोचा आकार ओढून बदलणं अजून पूर्ण झालेलं नाही. विंडोच्या रिपोझिशन या फंक्शनने माप बदलतं, पण अॅपला ते कळत नाही. त्याला टर्म रिसाइझ ही माप बदलल्याची घटना आपण स्वतः पाठवावी लागते. तयार एडिट प्रोग्राम ती ओळखतो आणि स्वतःला नव्या मापात बसवतो. आमच्या नोंदवहीला आणि घड्याळाला ते शिकवायचं काम सध्या शहाद्याच्या पोरांकडे आहे.